सर, तुम्हीपण ऑनलाइन?

मागच्या महिन्यात मासिकाच्या संपादक मंडळातली दोन पोरं माझ्या केबिनमध्ये आली. "सर, मराठी विभागासाठी लेख पाहिजे. विषय तुम्हाला आवडेल तो घ्या... फक्त ड्रॉइंगवर नको!" दुसऱ्यानं लगेच सारवासारव केली, "म्हणजे सर, ड्रॉइंग भारीच असतंय, पण मासिक सगळे रात्री झोपताना वाचतात." झोप यायला माझं लेक्चर पुरतं, त्यासाठी वेगळं मासिक कशाला, असं त्याला म्हणायचं होतं. ते मला कळलं आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं.

तर ड्रॉइंगवर लिहीत नाही. पण गेली तेहतीस-चौतीस वर्षं मी पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ग्राफिक्स शिकवतोय. तुम्ही त्याला 'ईजी' म्हणता, आणि नावाला ईजी असलेला हा विषय किती जणांना रडवतो हे होस्टेलच्या भिंतींना विचारा. त्यामुळे ड्रॉइंग अधूनमधून डोकावणारच. आजचा विषय मात्र वेगळा आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी व्हॉट्सअॅप आणि यूट्यूबवर शिकवायला शिकलो. त्यात काय कमावलं, काय गमावलं आणि एका पोराचं मी काय नुकसान केलं, ते सांगायचंय. शेवटी माझं स्वतःचं मतही मांडणार आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर केबिनमध्ये या, भांडू.

आधी माझी पार्श्वभूमी सांगतो. २००५-०६ साली तुमच्या आधीच्या पिढीची पोरं राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ऑर्कुटवर बसायची. आमच्या लॅबमध्ये कुणीतरी ते उघडलेलं मी पकडलं आणि दुसऱ्या दिवशी दारावर नोटीस लावली : 'लॅबमध्ये ऑर्कुट उघडल्यास दंड.' ती नोटीस पिवळी पडून गळून गेली, पण मनातली नोटीस तशीच राहिली. पुढं फेसबुक आलं, व्हॉट्सअॅप आलं, मी आपला पोरांचे मोबाइल जप्त करून टेबलाच्या खणात ठेवत राहिलो. माझ्या लेखी सोशल मीडिया म्हणजे गुड मॉर्निंगची फुलं, लग्नाच्या पत्रिका आणि भावकीतली भांडणं. शिकवण्याशी त्याचा संबंध असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग आला ऑगस्ट २०१९.

पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, वाहतूक बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. होस्टेलची निम्मी पोरं घरी अडकली, निम्मी होस्टेलवर. शिरोळ तालुक्यातली कित्येक पोरं तर घरच्या जनावरांना घेऊन उंचावर जाऊन बसली होती. त्या दिवसांत पोरांनीच एक ग्रुप काढला आणि मला न विचारता त्यात घेतलं. कोण कुठं अडकलंय, कुणाला औषध पाहिजे, कुठल्या रस्त्याला पाणी आहे, सगळं त्या ग्रुपवर कळत होतं. मी आपला चष्मा लावून वाचत बसायचो. पाचव्या-सहाव्या दिवशी एका पोराचा मेसेज आला, "सर, लाइट नाय, काम नाय. कायतरी शिकवा की."

मी वहीत एका बिंदूचं प्रक्षेपण काढलं, फोटो काढला आणि पाठवला. फोटो आडवा गेला. परत पाठवला, तर उलटा गेला. मग एकानं लिहिलं, "सर, राहू दे, आम्ही मोबाइल फिरवून बघतो." एवढं हसू मला त्या आठ दिवसांत आलं नव्हतं! पण त्या पुराच्या आठवड्यात मला पहिल्यांदा उमगलं की मी ज्याला टाइमपास म्हणून दंड लावत होतो, त्यावरून पोरं एकमेकांना धरून आहेत आणि शिकायलाही तयार आहेत.

पाणी ओसरल्यावर मी रीतसर विद्यार्थी झालो. माझे गुरू म्हणजे होस्टेलवरचा सेकंड इयरचा एक पोरगा. फी ठरली दर शनिवारी एक मिसळ. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "सर, तुम्ही फक्त बघा, हात लावू नका." हे वाक्य मी लेथवर उभ्या असलेल्या किती पोरांना ऐकवलं असेल! त्या दिवशी ते आपल्यावर आलं की कसं वाटतं ते कळलं. बोट थरथरतं. चुकीचं बटण दाबलं की सगळं पुसून जाईल अशी भीती वाटते. आणि शिकवणारा वीस वर्षांचा असेल तर "परत एकदा दाखव" म्हणायला जीभ जड होते. मित्रहो, शिक्षकानं दर पाच-दहा वर्षांनी एखाद्या विषयात ढ विद्यार्थी व्हावं, हा नियमच करायला पाहिजे. फळ्याकडं तोंड करून उभं राहिलं की मागच्या बाकावर काय वाटत असतं, ते आपण साफ विसरून गेलेलो असतो.

ड्रॉइंग बोर्डवर वरून मोबाइल रोखायचा, तर त्याला स्टँड पाहिजे. विकतचा डुगडुगायचा. शेवटी वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टरनी भंगारातल्या अँगलला फ्लॅट पट्टी वेल्ड करून एक स्टँड बनवला. आठ किलोचा! हलायचं नावच नको. मग हाताची सावली नेमकी पेन्सिलच्या टोकावर पडायला लागली. दोन्ही बाजूंना एकेक ट्यूब लावली तेव्हा सावली गेली. टू-एच पेन्सिलची रेघ कॅमेऱ्यात दिसतच नाही, हेही तेव्हाच कळलं. बांधकाम रेषा एचबीनं आणि मुख्य आकृती काळ्या पेननं, असा माझा सगळा धर्म बुडवून काढायला लागलो.

पहिला व्हिडिओ झाला अठ्ठेचाळीस मिनिटांचा. मी खूश. गुरूनं बघितला आणि विचारलं, "सर, हे कोण बघणार?" म्हटलं, "का? लेक्चर पण तासाचंच असतं की." तर म्हणाला, "लेक्चरला दार बंद असतंय सर." गप्प बसलो. पुढचा व्हिडिओ सहा मिनिटांचा केला. एका व्हिडिओत एकच गोष्ट. आणि तेव्हा लक्षात आलं की माझ्या अठ्ठेचाळीस मिनिटांत मुद्द्याच्या गोष्टी सहाच मिनिटांच्या होत्या. बाकी हजेरी, दरडावणं आणि "आमच्या वेळी" होतं.

शंकूचे छेद शिकवताना मी तीस वर्षं फळ्यावर शंकू काढत आलो. व्हिडिओसाठी घरातून गाजर आणलं आणि सुरीनं तिरकं कापलं. लंबवर्तुळ. मग बाजूच्या उताराला समांतर कापलं, तर पॅराबोला. त्याहून उभं कापलं तर हायपरबोला. नरसाळ्याचं डेव्हलपमेंट दाखवायला पत्र्याऐवजी कागद घेतला : त्रिज्या ३०, तिरकी उंची ९०, म्हणजे ३६० गुणिले ३० भागिले ९०, बरोबर १२० अंशांचा तुकडा. तो गुंडाळला की शंकू तयार! व्हिडिओ बघून मंडळी घरी म्हणाल्या, "अहो, हे मला पण कळलं." एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या विषयाला मिळालेलं हे पहिलं सर्टिफिकेट.

फायदा काय झाला ते मोकळेपणानं सांगतो. आपल्या कॉलेजात भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडकडून येणारी पोरं असतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला कसंबसं इंग्रजी, आणि इथं आल्यावर पहिल्याच दिवशी 'ट्रू शेप ऑफ द सेक्शन'. वर्गात ही पोरं तोंड उघडत नाहीत. "डाउट?" विचारलं की सगळे वहीत बघतात. पण रात्री अकरा वाजता तीच पोरं लिहितात, "सर, छेद घेतल्यावर खालचा भाग काढायचा का वरचा?" इंग्रजी लिपीत लिहिलेलं मराठी, व्याकरणाची ऐशीतैशी, पण प्रश्न एकदम टोकदार. वर्गात साठ जणांसमोर आपलं अज्ञान उघडं करायला जे धाडस लागतं, ते एकट्या सरांना मेसेज करायला लागत नाही. एक वर्ष मी मोजून बघितलं. वर्गात वर्षभरात एकही प्रश्न न विचारलेल्या अकरा पोरांनी मला मोबाइलवर प्रश्न विचारले होते. त्या अकरा पोरांसाठी मी माझ्या आधीच्या सगळ्या बॅचची मनातल्या मनात माफी मागितली. त्या बॅचमध्येही असे अकरा जण असणारच.

आता नुकसान.

२०२०-२१ ची बॅच आठवा. टाळेबंदीमुळं प्रवेश लांबले, वर्ष उशिरा सुरू झालं, आणि सगळं ऑनलाइन. ज्यांना मी शिकवत होतो त्यांचे चेहरेही मी पाहिले नव्हते. नावाचा एक गोल, त्यात एक अक्षर. शीट काढायचं, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, अशी पद्धत मीच घालून दिली होती. मला आता सगळं यायला लागलं होतं ना! फोटोवर लाल गोल करून परत पाठवायचं नवं तंत्र नुकतंच शिकलो होतो.

एका पोराचं शीट आलं. त्यात शंकूचा टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या वर. आपल्याकडं फर्स्ट अँगल पद्धत, त्यात टॉप व्ह्यू खाली येतो. पहिल्या आठवड्याचा धडा. मी दोन मोठे लाल गोल केले आणि चौसष्ट जणांच्या ग्रुपवर लिहिलं, "हे काय आहे? व्हिडिओ बघता का झोपता?" पाच-सहा जणांनी हसण्याची चित्रं टाकली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वर्गात असा टोमणा मारला की पोरं हसतात आणि वर्ग जागा होतो, ही माझी जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर एक राखाडी ओळ होती. तो पोरगा ग्रुप सोडून गेला होता.

मी मनावर घेतलं नाही. आळशी असेल म्हटलं. त्याचं पुढचं एकही शीट आलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॉलेजं उघडली, पोरं होस्टेलवर आली. टर्मवर्कच्या यादीत त्याच्या नावापुढं सगळे रकाने कोरे. रेक्टर म्हणाले, "सर, हा पोरगा अॅडमिशन रद्द करायचं म्हणतोय, तेवढं बघा." संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेलो. मला दारात बघून तो ताडकन उभा राहिला. रूम पार्टनर मेसकडं सटकला.

मी विचारलं, "शीटं का नाही दिलीस?" तो काही बोलेना. मग ट्रंकेतून एक गुंडाळी काढून त्यानं कॉटवर पसरली. बावीस शीटं होती. गावात तेव्हा ड्रॉइंग शीट मिळत नव्हती म्हणून भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर काढलेली. मागचे तारखांचे मोठे आकडे पुढून दिसत होते. ते आकडे त्या पहिल्या फोटोतही असणार. लाल गोल करताना मला दिसले नव्हते.

"मग टॉप व्ह्यू वर का काढलास?" तो म्हणाला, "सर, आमच्या वाडीत रेंज देवळाच्या टेकावर यायची. तुमचा व्हिडिओ उघडायचाच नाही. दुसरा एक छोटा सापडला, इंग्लिशमधला. त्यात वरच दाखवला होता."

मित्रहो, तो व्हिडिओ अमेरिकेतला होता. तिकडं थर्ड अँगल पद्धत चालते, आणि तिच्यात टॉप व्ह्यू वरच असतो! म्हणजे पोरगा चुकला नव्हता. देवळाच्या टेकावर बसून त्यानं दुसऱ्या देशाची पद्धत बिनचूक शिकून घेतली होती. मी फक्त एवढं विचारायला पाहिजे होतं, "हे कुठून शिकलास?" त्याऐवजी चौसष्ट जणांसमोर त्याला हसवलं. आणि वर्गातलं हसू बेल झाली की संपतं. इथलं हसू मोबाइलमध्ये तसंच राहतं. रोज उघडलं की रोज दिसतं.

मी त्याची माफी मागितली, खोलीत आणि दुसऱ्या दिवशी वर्गातही. कॅलेंडरवरची बावीसही शीटं तपासून टर्मवर्कला धरली. त्यानं अॅडमिशन रद्द केली नाही. पण सहा महिने वाया गेले ते गेलेच, आणि त्या काळात त्याच्या मनात काय चाललं होतं त्याचा हिशोब माझ्याकडं नाही.

दुसरा धडा एका मुलीनं दिला. वर्गानंतर थांबून म्हणाली, "सर, तुमच्या ग्रुपमुळं माझा नंबर आता सगळ्या वर्गाकडं आहे. रात्री कोण कोण मेसेज करतंय. घरी सांगितलं तर मोबाइलच काढून घेतील." माझ्या डोक्यातही हे आलं नव्हतं. मला वाटायचं, ग्रुप म्हणजे वर्ग. पण वर्गात कुणाला कुणाचा फोन नंबर फळ्यावर लिहिलेला दिसत नाही! तेव्हापासून विषयाच्या सूचना मी अशा ठिकाणी टाकतो जिथं सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. टेलिग्रामवर तशी सोय आहे, व्हॉट्सअॅपच्या चॅनेलमध्येही आहे. दोन मिनिटांचं काम. पण ते सुचायला एका मुलीला हिंमत करून माझ्यासमोर उभं राहावं लागलं.

आता कुणी म्हणेल, सर, एवढं सगळं असेल तर खडू-फळाच बरा. आमच्या स्टाफरूममध्येही असं म्हणणारे आहेत. "ही सगळी थेरं आहेत, चांगला शिक्षक असेल तर खडू बास." खडूवर माझंही प्रेम आहे. पण आपल्याच महाराष्ट्रात काय काय झालंय ते बघा. आयआयटी मुंबईच्या प्रा. दीपक फाटकांनी इंजिनिअरिंगच्या शिक्षकांसाठी 'ट्रेन टेन थाउजंड टीचर्स' हा कार्यक्रम चालवला. ते मुंबईत बोलायचे आणि देशभरातल्या कॉलेजांतल्या केंद्रांवर बसलेले शिक्षक तिथूनच त्यांना प्रश्न विचारायचे. तिथलेच प्रा. कण्णन मौद्गल्य यांचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प बघा. दहा-दहा मिनिटांचे पाठ, मराठीतही ऐकायला मिळतात, आणि पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर पाठ चालू ठेवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात ते स्वतः करत जायचं. नुसतं बघायचं नाही. आमच्या वर्कशॉपचा नियमही हाच.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी तर तुम्हाला माहीतच आहेत. माढा तालुक्यातली जिल्हा परिषदेची छोटी शाळा. गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड चिकटवले, पोरांनी मोबाइल धरला की कविता ऐकू यायची, पाठ दिसायचा. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलर. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पण गुरुजी तेव्हा तिशीतले. "त्यांचं वय आहे हो," असं म्हणून आमच्या वयाचे लोक सुटका करून घेतात. त्यांच्यासाठी ठाणे जिल्ह्यातलं मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आहे. तिथं ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागल्या. नव्वदीच्या आजीला पाटी धरायची लाज वाटत नसेल, तर पीएच.डी. झालेल्या माणसाला मोबाइल धरायची का वाटावी?

आणि दुसरी बाजूही ऐका. तुम्ही म्हणता, आता सगळं यूट्यूबवर आहे, लेक्चरला कशाला बसायचं? तर आपण कोल्हापुरात आहोत हे विसरू नका. शाहू महाराजांनी १९०१ साली इथं मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक करत इतकी वसतिगृहं उभी राहिली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. पुढं १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. नुसत्या शाळा काढून भागत नाही, खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा आणि सोबत पाहिजे, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. एकाला येतं ते दुसऱ्याला सांगायचं, एकाच्या घरचा डबा सगळ्यांनी खायचा, परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्या मजल्यानं जागायचं. हे होस्टेलच आपलं जुनं सोशल मीडिया आहे. तिथं 'सीन' झालं की नाही ते डोळ्यांत दिसतं. टाळेबंदीत त्या पोराकडं माझा व्हिडिओ नव्हता, पण शेजारच्या कॉटवर एक मित्र असता तर "अरे लेका, टॉप व्ह्यू खाली घे, सर फर्स्ट अँगलवाले आहेत" एवढं एका मिनिटात सांगून मोकळा झाला असता.

आणखी एक गोष्ट. ही सगळी साधनं दुसऱ्याच्या मालकीची आहेत. ज्या ऑर्कुटवर मी दंड लावला, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गुगल प्लस २०१९ मध्ये गेलं. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ अॅपवर आपल्या सरकारनं बंदी घातली. त्यावर कुणी धडे टाकले असतील, तर ते एका रात्रीत दिसेनासे झाले. भाड्याच्या घराला आपण खिळा ठोकतो, पण भिंत बांधत नाही. तसंच हे.

म्हणून माझं मत काय? साधन वापरावं, जरूर वापरावं, पण काही पथ्यं पाळून. आपल्या कॉलेजपुरती ती अशी असावीत असं मला वाटतं.

एक, चूक खाजगीत दाखवायची, शाबासकी ग्रुपवर द्यायची. हे मी स्वतःसाठी भिंतीवर लिहून ठेवलंय. दोन, कुणाचा नंबर त्याच्या परवानगीशिवाय चारचौघांत जाऊ द्यायचा नाही. तीन, रात्री दहानंतर शिक्षकांनी ग्रुपवर हुकूम सोडायचे नाहीत. "उद्या सकाळी आठला सबमिशन" असा मेसेज रात्री साडेअकराला टाकला, की निळी खूण आली म्हणजे पोरगा बांधला गेला, हा अन्याय आहे. पोरांनी प्रश्न कधीही विचारावा, सरांनी उत्तर जागे असतील तेव्हा द्यावं. चार, जे जे आपण बनवू त्याची एक प्रत लायब्ररीच्या सर्व्हरवर आणि होस्टेलच्या कॉम्प्युटर रूममध्ये ठेवायची, कमी एमबीची आवृत्ती वेगळी. टेकावर बसलेल्या पोराला उघडेल असं काहीतरी पाहिजेच. पाच, समजावणं मराठीत, शब्द इंग्रजी. 'ट्रू शेप' हा शब्द परीक्षेला लागतोच, पण तो कळायला मराठी लागते.

आणि सहावी मागणी तुमच्याकडं. दर शनिवारी संध्याकाळी होस्टेलच्या रिकाम्या हॉलमध्ये एक तास 'सरांची शाळा' भरवा. तुम्ही शिकवा, आम्ही बसतो. ऑफिसमधले, लायब्ररीतले, वर्कशॉपमधले, वॉचमन मामासुद्धा. मोबाइलवर पैसे पाठवताना फसवणूक कशी टाळायची हे मामांना शिकवणंही इंजिनिअरिंगच आहे. आम्हाला "परत एकदा दाखव" म्हणायची सवय होईल आणि तुम्हाला, समोरच्याला कळत नसताना न चिडता कसं सांगायचं, याची. दोन्ही बाजूंना गरज आहे.

मी अजून दोन वर्षांनी निवृत्त होईन. तो आठ किलोचा स्टँड ड्रॉइंग हॉलमध्येच ठेवून जाणार आहे. न्यायचा म्हटलं तरी कोण उचलणार!

तो कॅलेंडरवाला पोरगा २०२४ मध्ये पास झाला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिझाइनला लागलाय. तिथून कास्टिंग परदेशी जातात. गेल्या दिवाळीत त्याचा मेसेज आला, सोबत एका ड्रॉइंगचा कोपरा, ज्यात पद्धतीचं चिन्ह असतं तेवढाच भाग. खाली लिहिलं होतं, "सर, इथं सगळं अमेरिकेचं काम. थर्ड अँगल!"

मी तो फोटो मोठा करून दोनदा बघितला. लाल गोल करायची सोय होती. केला नाही. उत्तर लिहिलं, "माझ्या आधी शिकलास, बाळा."